काळी दोन, पोर्ट ५७११०

भजन रंगात आलं की आमचे बुवा डावी भुवई उचलतात आणि पखवाजवाला लय वाढवतो. उजवी उचलली की तो थांबतो. दोन्ही एकदम वर गेल्या, तर टाळकऱ्यांपैकी एकाचा हात चुकलाय असं समजायचं. तो कोण, हे बाकीच्या सगळ्यांना कळलेलं असतं; ज्याचा चुकलाय तो डोळे मिटून तल्लीन असतो. या कारभाराला वायर लागत नाही, बटण लागत नाही, आणि लाईट गेली तरी तो बंद पडत नाही.

लग्नात अंतर वाढतं, म्हणून साधन बदलतं. भटजी मांडवात, बँड बाहेर रस्त्यावर आणि मधे पाचसहाशे वऱ्हाडी. बँडवाल्यांना आतलं दिसत नाही, ऐकू तर त्याहून येत नाही. म्हणून मांडवाच्या दाराशी नवरीचे एक काका रुमाल घेऊन उभे केलेले असतात. शेवटचं मंगलाष्टक संपलं की काकांनी रुमाल हलवायचा आणि बँडनं वाजवायचं, इतकी साधी योजना. पण भटजी मधेच घसा ओला करायला थांबतात, काकांना वाटतं झालं, रुमाल हलतो, बाहेर ढोलावर टिपरू पडतं आणि आत अंतरपाट अजून धरलेलाच असतो. वाजंत्र्यांना जरा दमानं घ्या म्हणणारी ओळ मंगलाष्टकांत पूर्वीपासून आहे, म्हणजे ही अडचणही तेवढीच जुनी असणार. बँडवाल्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. त्यांना निरोप पोचला, त्यांनी वाजवलं.

तेव्हा लांबून निरोप धाडून वाद्य वाजवायला लावणं आपल्याला काही नवं नाही. माझा भाचा मात्र ही कला त्यानंच शोधून काढल्यासारखं सांगतो. तो छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी एसटीनं पैठणला येतो, आणि पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं सोडून बाकी सगळं असतं.

"मामा, मी आता वाद्याला हात न लावता वाजवतो," त्यानं आल्या आल्या जाहीर केलं.

"कामून? हाताला काय झालं?" स्वयंपाकघरातून आईनं विचारलं.

ओसरीवर आमचे शेजारी गुरुजी पेपर वाचत बसले होते. ते निवृत्त झाले, पण शिकवायचे थांबले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हात न लावता? अरे, इथं नागघाटावर माउलींनी रेड्याच्या तोंडून वेद बोलवले, तेव्हा त्यांनासुद्धा त्याच्या डोक्यावर हात ठेवावा लागला होता." पैठणला हीच पंचाईत आहे. इथं कशातून आवाज निघाला याचं कुणाला नवल वाटत नाही. तंत्रज्ञानाची कितीही भपकेबाज गोष्ट घेऊन आलात, तरी तिची पहिली आवृत्ती इथंच निघाली होती असं सांगणारा माणूस दर गल्लीत बसलेला असतो.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. पडदा काळाकुट्ट, वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आणि शेवटी लुकलुकणारी काडी.

"बिघडलं का रे?" आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"नाही आजी. हे असंच असतंय."

"मग चित्रं कुठं गेली?"

"चित्रं लागत नाहीत. कमांड लिहायची."

आईनं माझ्याकडं बघितलं. एवढी फी भरून पोराला चित्र नसलेला कॉम्प्युटर दिला, असा त्या बघण्याचा अर्थ होता. भाच्यानं ओळ टाइप केली आणि आमच्यासाठी मोठ्यानं वाचूनही दाखवली: ओएससीसेंड, लोकलहोस्ट, ५७११०, स्लॅश एस अंडरस्कोर न्यू, एस आय आय आय, तंबोरा, १०००, ०, १. मग एंटर मारलं. लॅपटॉपला जोडलेल्या डब्यातून तंबोरा घुमायला लागला. खोटं कशाला बोला, चांगला घुमत होता. गुरुजींचासुद्धा पेपर खाली आला.

आता यात काय घडलं ते मला समजलं तेवढं सांगतो. लॅपटॉपच्या पोटात दोन असामी असतात. एक आवाज काढणारी, दुसरी हुकूम सोडणारी. आवाज काढणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव सुपरकोलायडर. जेम्स मॅकार्टनी नावाच्या माणसानं तो १९९६ साली बाहेर काढला आणि २००२ साली सगळ्यांसाठी खुला करून टाकला. त्याचा आवाज काढणारा भाग म्हणजे सर्व्हर. त्याला ना खिडकी, ना बटण, ना तोंड. तो ५७११० नंबरच्या पोर्टवर कान लावून नुसता बसून राहतो. हुकूम आला की आवाज. नाही आला की गप्प. मी सगळं आयुष्य ज्या कचेरीत काढलं तिथं असा एकही माणूस पाहिला नाही.

हुकूम कसा लिहायचा याचे नियम ठरलेले आहेत. बर्कलीच्या विद्यापीठात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड या दोघांनी १९९७ साली ते मांडले. ओपन साउंड कंट्रोल असं त्याचं नाव, घरगुती नाव ओएससी. आधी पत्ता, तो स्लॅशनं सुरू होणारा. मग पुढं येणारी प्रत्येक चीज कोणत्या जातीची हे सांगणारी अक्षरं: पूर्णांक असेल तर आय, अपूर्णांक असेल तर एफ, शब्द असेल तर एस. आणि मग त्या चिजा. वरच्या ओळीत एस आय आय आय म्हणजे एक शब्द आणि तीन आकडे येणार, अशी आगाऊ वर्दी. १००० हा त्या वाजणाऱ्या तंबोऱ्याचा हजेरीपटावरचा नंबर. उद्या त्याला गप्प करायचं तर याच नंबरानं हाक मारायची.

सगळ्यात मजेदार म्हणजे निरोपांच्या गठ्ठ्यावर वेळ टाकता येते. अमुक क्षणी हे वाजव. ती वेळ १ जानेवारी १९०० पासूनच्या सेकंदांत मोजतात. हे ऐकून गुरुजी सरसावून बसले. "म्हणजे आधी ठिकाण, मग काळ, मग कर्ता, मग कर्म. अरे, हा तर संकल्प झाला! आपण पळीत पाणी घेऊन गोदावरीच्या उत्तर तीरावर, अमुक शकात, अमुक तिथीला, असं सांगूनच पुढचं काम करतो ना?" भाच्यानं मान डोलावली आणि एकच फरक सांगितला: वेळ टळून गेल्यावर निरोप पोचला तर सुपरकोलायडर पडद्यावर सरळ 'लेट' असं छापतो आणि पुढं किती सेकंद लेट तेही दशांशात. गुरुजी म्हणाले, हे भटजींच्या हाती लागू देऊ नका. गोरज मुहूर्ताला रात्री साडेआठ वाजता अक्षता टाकणाऱ्या जिल्ह्यात असला आकडा छापून आला तर सोयरिकी मोडतील.

एवढ्यात आबा आले. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, आणि जायकवाडीच्या नाथसागरात आज किती टक्के पाणी आहे हे त्यांना स्वतःच्या बीपीपेक्षा पक्कं माहीत असतं. त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. "निरोप पोचला हे तुला कळतं कसं?"

भाचा जरा चाचरला. हे निरोप बहुतेक वेळा यूडीपी नावाच्या पद्धतीनं जातात. यूडीपीचा स्वभाव असा की पाकीट सोडायचं आणि विसरायचं. पोचपावती नाही, पुन्हा पाठवणं नाही, वाटेत हरवलं तर कळवायची सोय नाही. दुसरी पद्धत टीसीपी. ती प्रत्येक पाकिटाची खातरजमा करते, पण त्यात वेळ जातो, आणि संगीतात उशिरा आलेल्या सुरापेक्षा न आलेला सूर परवडला.

आबांना हे एका क्षणात समजलं. इंजिनिअरिंगच्या पोरांना सहामाही लागते म्हणे. "आलं लक्षात. वरचे म्हणणार आम्ही एवढे टीएमसी सोडले. खालचे म्हणणार आमच्याकडं एवढेच आले. मधलं कुठं गेलं ते नदीला माहीत." जायकवाडीचं धरण १०२ टीएमसीच्या आसपासचं, दरवाजे २७, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेलं. तेव्हापासून मराठवाड्यातला माणूस सोडलेलं आणि पोचलेलं यातल्या फरकावर जगत आलाय. त्याला यूडीपी शिकवायची गरजच नाही. उलट आबांनीच भाच्याला शिकवलं. "सोडणाऱ्याचा आकडा धरायचा नसतो. पोचलेल्या ठिकाणी मोजायचं." भाच्यानं कौतुकानं सांगितलं की ओएससीडंप नावाची अगदी तशीच कमांड आहे. ती पोर्टवर बसते आणि येईल तो निरोप पडद्यावर मांडत जाते. आबा म्हणाले, आमच्याकडं त्या माणसाला मोजणीदार म्हणायचे आणि त्याला चहा पाजावा लागायचा.

त्या रात्री भाचा काळी खिडकी बंद करून झोपला. हुकूम सोडणारी असामी गेली, आवाज काढणारी तशीच बसून राहिली. तंबोऱ्याला थांब म्हणणारा निरोप कुणी धाडलाच नव्हता. मध्यरात्री आईनं मला उठवलं. "फ्रीज घुमायलाय." मी जाऊन फ्रीजला कान लावला. फ्रीज निर्दोष होता. सूर मात्र सच्चा होता, पहाटेपर्यंत तसूभर हलला नाही. असा तंबोरा धरून बसणारा शिष्य मोठमोठ्या गवयांना मिळाला नसेल.

हे सगळं पोरानं आरंभलं त्याचं कारण नाथषष्ठी. फाल्गुनात दिंड्या यायला लागल्या की पैठणच्या गल्लीगल्लीत भजनाची तालीम चालते. आमच्या मंडळाकडं वीणा आहे, पखवाज आहे, टाळ आहेत आणि पेटी आहे. पेटीवाले काका आहेत असं म्हणणं जास्त बरोबर. पेटी त्यांच्याबरोबर येते. भाच्याच्या डोक्यात आलं की मंडळाला तंबोरा, स्वरमंडळ आणि टाळाचा एक बारीक ठेका लॅपटॉपमधून द्यावा, आणि ते सगळं निरोपांवर चालवावं.

काका याच्या विरोधात होते. बाहेरून आलेली यंत्रं आपल्या भजनात नकोत, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींनी त्यांना आठवण करून दिली की पेटी स्वतःच फ्रान्समधून आलेली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली आणि ती अशी काही रुळली की गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर राज्य केलं. तरीही १९४० साली रेडिओवर तिला बंदी घातली गेली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. कारण हेच: परकी आहे, आणि तिला आपले सूर येत नाहीत. काका म्हणाले, ती बंदी रेडिओवर होती, पैठणमध्ये नव्हती.

खरं तर विजेच्या वाद्यांना नाकं मुरडायला आपल्याला आता फार उशीर झालाय. १९५४ सालच्या 'नागिन' सिनेमात कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर पुंगी वाजवली. तेव्हापासून महाराष्ट्रातली एक वरात तिच्याशिवाय पुढं सरकत नाही. रस्त्यावर लोळून, तोंडात रुमाल धरून नाग होणाऱ्या जावयाला कुठं माहीत असतं की मूळ पुंगीत भोपळा नव्हताच! १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग घेऊन ते डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. वीसपंचवीस वर्षांनी परदेशातल्या लोकांनी ती रेकॉर्ड ऐकून डोक्याला हात लावला. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी केली, आणि आता प्रसाद उपासनींचं आयतबलाप्रो गायकांच्या फोनमध्ये असतं. गावात मात्र कसलाही कीबोर्ड असो, कुठल्याही कंपनीचा असो, त्याचं नाव कॅसिओच.

तालमीच्या पहिल्या दिवशी बुवा आले, बसले, खोकले आणि म्हणाले, "काळी दोन दे."

भाचा गोंधळला. सर्व्हरला काळी कळत नाही, पांढरीही कळत नाही. मग काकांनी पेटीवर बोट ठेवून दाखवलं आणि त्यानं हिशेब मांडला. १९८३ पासून जगातले कीबोर्ड एकमेकांशी मिडी नावाच्या भाषेत बोलतात. त्यात प्रत्येक पट्टीला ० ते १२७ मधला नंबर असतो. मधल्या सप्तकातली काळी दोन म्हणजे ६३. काका वर्षानुवर्षं रोज ६३ वर बोट ठेवत होते आणि त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते जरा दुखावल्यासारखे झाले. बुवांना खर्जातली हवी होती, ती ५१. आणि सुपरकोलायडरला नंबर नको, सेकंदाला किती कंपनं ते हवं: १५५.५६.

"छप्पन्न कशाला? सत्तावन्न केलं तर?" बुवांनी सहज विचारलं.

इथं गोष्ट मिडीच्या हातून निसटते आणि ओएससीच्या ताब्यात येते. मिडीच्या नंबरांत ५१ नंतर थेट ५२. मधे काही हवं असेल तर वेगळी खटपट करावी लागते. ओएससीत एफ लिहिलं की पुढं वाटेल तो अपूर्णांक. भाच्यानं ५७ करून दाखवलं. कुणाला फरक कळला नाही. साठ केलं, सत्तर केलं. बुवांनी डोळे बारीक केले. १५८ वर ते म्हणाले, "आता चढा लागतोय."

गुरुजी अशा संधीची वाटच बघत असतात. आमच्या जिल्ह्यातच, देवगिरीला, यादवांचा राजा सिंघण याच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होता. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सप्तकात श्रुती बावीस, हे दाखवायला त्यानं बावीस बावीस तारांच्या दोन वीणा घेतल्या. एकीच्या तारा लावून तशाच ठेवायच्या, दुसरीच्या उतरवत जायच्या आणि ऐकून ताडायचं. पुढं पेटी आली आणि तिनं बावीसाचे बारा केले. उरलेल्या दहा कुठं गेल्या याचा हिशेब काकांकडं कुणी मागितला नाही. "आणि आता हा पोरगा एफ लिहून बावीसच काय, बावीसशे देतो म्हणतोय," गुरुजी म्हणाले. काका भात्याशी खेळत राहिले. कोमल गांधार त्यांच्या पेटीत एकच आहे, तो सगळ्या रागांना पुरतो, आणि आजवर कुणाची तक्रार आलेली नाही.

भाच्यानं हळूहळू व्यवस्था वाढवली. प्रत्येक वाद्याला पत्ता दिला. स्लॅश मंडळी, स्लॅश तंबोरा, स्लॅश आवाज. स्लॅश मंडळी, स्लॅश स्वरमंडळ, स्लॅश आवाज. पुढं आकडा. आपल्या गावातल्या पत्त्यांपेक्षा हा फार सुटसुटीत. यात 'नाथ मंदिराच्या मागं, दळणाच्या गिरणीला विचारा' असलं काही नसतं. आणि ओएससीच्या नियमांत एक खुबी आहे. पत्त्यात नावाच्या जागी चांदणी टाकली की तो निरोप त्या ठिकाणी बसणाऱ्या सगळ्यांना लागू. स्लॅश मंडळी, स्लॅश चांदणी, स्लॅश आवाज, शून्य. एका झटक्यात सगळी मंडळी गप्प.

हे ऐकून बुवांच्या दोन्ही भुवया आपोआप वर गेल्या. "सगळी?"

"सगळी."

"पुन्हा सांग बरं ते."

प्रत्येक वेळी टाइप करायला नको म्हणून भाच्यानं आपल्या फोनवर टचओएससी नावाचं ॲप टाकलं. त्यात पडद्यावर पट्टी सरकवली की निरोप आपोआप सुटतात. तंबोऱ्याची पट्टी काळी दोनपासून काळी चारपर्यंत सरकत होती, म्हणजे १५५.५६ ते २०७.६५. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर. आता सांगायची गोष्ट अशी की ओएससीच्या नियमांत पासवर्ड नावाची भानगड नाही. पत्ता आणि पोर्ट माहीत असला की कुणीही हुकूम सोडावा. भाच्याला हे माहीत होतं. त्याच्या आठवीतल्या बहिणीलाही माहीत होतं, कारण फोन मुळात तिच्याच हातात असायचा.

रविवारची तालीम. रूपाचा अभंग झाला, बुवा गवळणीला लागले. भाची कोपऱ्यात पोतं अंथरून बसली होती, फोन मांडीवर. तिनं तंबोऱ्याची पट्टी चढवायला घेतली. एकदम नाही. पोरगी हुशार, केसभर केसभर चढवत होती.

बुवा मुरलेले गायक. त्यांचा कान तंबोऱ्याला बांधलेला. तंबोरा जिकडं, बुवा तिकडं. त्यांना काही कळलंच नाही. तंबोरा चढत होता आणि ते त्याच्या मागून गात गात वर निघाले. पखवाजवाल्याला मात्र उजव्या पुडीवर काहीतरी बेसूर लागायला लागलं. त्यानं मांडीखालची हातोडी काढून गठ्ठ्यांवर दोन ठोके दिले. जुळलं. पुढच्या दोन ओळींत पुन्हा उतरलं. पुन्हा ठोके. माणूस घामाघूम, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं ठेका. दर दोन ओळींनी आपला पखवाज उतरतोय म्हणून तो वादीवर, हवेवर आणि अखेरीस पुडी मढवून देणाऱ्यावर पुटपुटत होता. टाळकऱ्यांना कसलाच त्रास नव्हता. टाळाला पट्टी नसते.

खरी कोंडी काकांची. तंबोरा १६० वर पोचला तेव्हा त्यांच्या पेटीत तो सूर नव्हताच. काळी दोन खाली राहिली, पांढरी तीन अजून वर होती. त्यांनी काळी दोन दाबली, तोंड वाकडं केलं. पांढरी तीन दाबली, आणखी वाकडं केलं. मग दोन्ही दाबल्या. तो आवाज मी शब्दांत मांडणार नाही. शार्ङ्गदेवाच्या दहा श्रुतींचा हिशेब आज पेटीकडं मागितला जात होता आणि पेटीकडं द्यायला काही नव्हतं. तंबोरा पांढरी तीनला लागला तसा काकांच्या चेहऱ्यावर प्राण आला, पण तो तिथून पुढं निघाला आणि काका पुन्हा लटकले.

बुवा खुशीत होते. काळी तीनच्या पुढं गवळणीचा अंतरा त्यांनी तार षड्जाला नेला आणि तो लागला. बाहेर रस्त्यावरून जाणारा एक दुधवाला सायकल थांबवून ऐकायला लागला. "आज गळा कसा मोकळा झालाय बघा," बुवा दोन ओळींच्या मधे म्हणाले. आबांनी माझ्या कानात विचारलं, "विसर्ग वाढलाय का?" आबांचा अंदाज पाण्याच्या बाबतीत सहसा चुकत नाही. पुढच्या तार षड्जाला बुवांचा आवाज चिरकला, पखवाजवाल्यानं हातोडी खाली टाकली, आणि भाची कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून हसता हसता उलटी पडली.

चौकशी झाली. भाच्यानं पडद्यावर आलेले निरोप दाखवले, ओळीच्या ओळी, प्रत्येकात तंबोऱ्याचा पत्ता आणि वाढत गेलेला आकडा. पखवाजवाल्यानं आपलं वाद्य निर्दोष सुटल्याबद्दल त्याला हात लावून नमस्कार केला. भाचीला बहुधा मार बसणार होता, पण बुवांचं लक्ष तिकडं नव्हतं.

"म्हणजे मी काळी तीनच्या वर गायलो?"

"हो, एकशे नव्वदपर्यंत. तिथं तुमचा..."

"ते राहू दे. एकशे नव्वदपर्यंत गायलो." त्यांनी शाल सारखी केली आणि हात पुढं केला. "तो फोन इकडं दे."

तेव्हापासून फोन बुवांच्या पुढ्यात, चिपळ्यांच्या शेजारी असतो. तंबोऱ्याची पट्टी त्यांनी १५६.२ वर ठेवली आहे. कुणी विचारलं तर 'वयाप्रमाणं' म्हणतात. भाच्यानं त्यांना चांदणीचं वेगळं बटण करून दिलंय, लाल आणि मोठं. चष्मा नसला तरी सापडावं असं.

परवाच्या तालमीत हरिपाठाआधी बुवांना दोन शब्द बोलायचे होते. त्यांनी आधी उजवी भुवई उचलली. पखवाज थांबला, टाळ थांबले. मग त्यांनी लाल बटण दाबलं. तंबोरा गेला, स्वरमंडळ गेलं, बारीक ठेका गेला. पेटी चालू होती. काका डोळे मिटून काळी दोनवर रमले होते. बुवांनी पुन्हा बटण दाबलं. मग जरा जोरात दाबलं. शेवटी फोन उचलून भाच्यापुढं धरला.

"यात काकांचा नंबर कुठं टाकायचा रे?"